कोटेशनआधी चित्राची पाठ बघा

वाचकाचं पत्र

मी वसई तालुक्यातल्या एका गावच्या पॅरिश कौन्सिलचा (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीचा) सेक्रेटरी आहे. आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) तीन जुनी चित्रं आहेत. उत्तरेच्या भिंतीवर क्रुसावरच्या येशूचं सात फूट उंच तैलचित्र, बाजूच्या आल्ताराजवळ (वेदीजवळ) लाकडी फळीवर रंगवलेला संत अंतोन, आणि सॅक्रिस्तीत (फादर विधीची तयारी करतात त्या खोलीत) काचेच्या फ्रेममध्ये लुगडं नेसलेली मारियामाता, बहुतेक कागदावर. यंदाच्या पावसात उत्तरेकडची कौलं सरकली आणि पाणी भिंतीवरून उतरलं. मोठ्या चित्राच्या खालच्या भागात पोपडे सुटलेत, पांढरट डाग आलेत, जमिनीवर रंगाचा चुरा पडतो. अंतोनाच्या फळीखाली पिठासारखा भुसा दिसतो. मारियामातेचं चित्र काचेला चिकटलंय. गावातला एक मुलगा दरवर्षी नाताळचा गोठा रंगवतो, हात चांगला आहे. तो म्हणतो, पंधरा दिवसांत तिन्ही नवीकोरी करून देतो. कुवेतला असलेला एक गाववाला आईच्या स्मरणार्थ खर्च उचलायला तयार आहे, पण जानेवारीतल्या सणाआधी काम व्हावं ही त्याची इच्छा. फादर म्हणतात, आधी जाणकाराला विचारा. नुकसान किती हे ठरवायचं कसं? आमच्या हातात काय आहे? चित्रं पोर्तुगीज काळातली असल्याचं जुनी माणसं सांगतात.

उत्तर

सेक्रेटरीसाहेब, नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द मला 'चुरा' हा वाटला. म्हणून हे वाचून झालं की पहिलं काम करा: देऊळ झाडणाऱ्या मावशींना सांगा, त्या चित्राखाली चार फूट झाडू मारायचा नाही. तिथे पांढरा कागद अंथरा. रोज संध्याकाळी त्यावर पडलेले कपचे मऊ ब्रशने कागदी पाकिटात भरा आणि पाकिटावर तारीख आणि जागा लिहा, 'डावीकडे, खालून दीड फूट' अशी. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. बोटाच्या पेराएवढा कपचा असला तर तो पुढे जागेवर बसवता येतो. अगदीच बारीक निघाला तरी रंग कोणता, रंगाखालचं अस्तर कसलं हे तपासायला तो पुरतो, आणि मग चित्राचा जिता भाग खरवडावा लागत नाही. केराच्या सुपलीत गेलेला रंग मात्र कुठल्याच प्रयोगशाळेतून परत येत नाही.

आता घाईबद्दल. जानेवारीच्या सणाला चित्र नीट झालेलं नसेल, हे आजच मनाशी धरा. ऑक्टोबरचं ऊन कॅनव्हासला पावसापेक्षाही वाईट. पावसात कापड आणि त्यावरचं अस्तर ओलं होतं, हलतं. मग कोरडी हवा आली की अस्तर आवळतं. वरचा जुना तेलरंग मात्र कडक झालेला असतो, तो या हालचालीबरोबर जाऊ शकत नाही आणि तडकतो. म्हणजे तुमचे पोपडे पावसात सुटायला लागले असले तरी चुरा आत्ता पडतोय तो सुकण्यामुळे. यावर कोणी सुचवेल की चित्र उन्हात ठेवू, पंखा लावू, हॅलोजन लावू. यातलं एकही करू नका. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला. तिथल्या सांता क्रोचे चर्चमध्ये वासारी या चित्रकाराने रंगवलेलं 'शेवटचं भोजन' पाच लाकडी फळ्यांवर होतं. ते बारा तासांहून जास्त पाण्याखाली राहिलं. रंग निसटू नये म्हणून त्यावर पातळ जपानी कागद चिकटवला गेला, आणि मग ते वर्षानुवर्षं नुसतं ठेवून दिलं, कारण लाकूड आणि रंग यांना पुन्हा जोडायची रीत तेव्हा कोणाकडे नव्हती. दुरुस्त होऊन ते लोकांसमोर आलं २०१६ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. तुम्हाला पन्नास वर्षं थांबायला सांगत नाही. कुवेतच्या भावाला एवढंच कळवा की तिकडे इटलीत पन्नास वर्षं थांबले, आपण पुढच्या सणापर्यंत थांबू.

चित्राच्याही आधी कौलं. हे इतकं उघड आहे की दहांतल्या आठ ठिकाणी कोणी करत नाही. कौलं बसवा, पन्हळी साफ करा, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पावसाचं पाणी कुठे साचतं ते बघा. आणि एक मोठी विनंती: ठेकेदार म्हणेल की भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक इमल्शन मारू, पुन्हा ओल येणार नाही. देऊळ जुनं असेल तर भिंत चुन्याची असणार. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, वर सरकते आणि नेमकी चित्रामागे बाहेर येते, बरोबर क्षार घेऊन. वसईच्या खाऱ्या हवेत तुम्हाला हे मी काय सांगावं. स्पेनच्या बोर्हा गावातल्या येशूच्या चित्राची आणि ते 'नीट' करायला गेलेल्या आजींची २०१२ साली जगभर टिंगल झाली. ज्या दमट, खारट भिंतीने मूळ रंग गाळला होता तिची मात्र फारशी कोणी दखल घेतली नाही.

बरं, आता मापन. मोजायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

एका संध्याकाळी मिस्सा (प्रार्थनाविधी) आटोपल्यावर दारं लावा, दिवे आणि पंखे बंद करा. तुम्ही, फादर आणि तो गोठा रंगवणारा मुलगा, तिघेच थांबा. एकाने चांगला टॉर्च घेऊन चित्राच्या डाव्या कडेला उभं राहायचं आणि उजेड चित्रावर समोरून न टाकता भिंतीला जवळजवळ समांतर, तिरपा सोडायचा. चित्राला हात लावायचा नाही. दिवसा ट्यूबलाइटखाली जे चित्र फार तर मळकट दिसतं, ते तिरप्या उजेडात उन्हाळ्यात आटलेल्या बावखलाच्या (गावतळ्याच्या) तळासारखं दिसतं: कडा वर वळलेल्या खपल्या, मधे वाट्यांसारखे खळगे, प्रत्येकाची लांब सावली. कुठे फुगवटे असतील, म्हणजे वरचा रंग शाबूत आहे पण खालून सुटला आहे. हे फुगवटे सगळ्यात फसवे, कारण समोरून तिथे काहीच झालेलं दिसत नाही आणि बोट लागलं की पापडासारखे फुटतात. मग टॉर्च उजव्या कडेला, मग वरून, मग खालून. प्रत्येक वेळी मोबाईल स्टँडवर ठेवून फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवून. फोटोत एका कोपऱ्यात मोजपट्टी दिसू द्या. आणि आधी एक फोटो साध्या उजेडात, समोरून, अख्ख्या चित्राचा. हा फोटो पुढे दहा वर्षं कामाला येणार आहे. चुरा आणखी पडतोय की थांबला, हे आठवणीवरून ठरवता येत नाही, फोटोवरून येतं.

त्या मुलाला नाराज करू नका. त्याचा हात चांगला आहे ना, मग त्याला ब्रश न देता हे काम द्या. समोरून घेतलेल्या फोटोची मोठी रंगीत प्रिंट काढा, त्यावर बटर पेपर ठेवा, आणि तिरप्या उजेडात जे दिसलं ते त्याला पेन्सिलींनी उतरवू द्या: जिथे रंग गेलाच आहे तिथे लाल, जिथे सुटू बघतोय तिथे नारिंगी, पांढरट डाग निळे, फाटलेलं कापड काळं. बाजूला संख्या लिहायची नाही, अंदाज बांधायचा नाही, दिसलं तेवढंच उतरवायचं. आम्ही संवर्धक, म्हणजे जुनी चित्रं जपणारे लोक हेच करतो, आमच्याकडे सॉफ्टवेअर असतं इतकंच. असा नकाशा झाला की बहुतेक वेळा एक गोष्ट आपोआप कळते. नारिंगी भाग इकडेतिकडे विखुरलेला नसतो, तो पाण्याच्या ओघळाच्या मागोमाग जातो. म्हणजे भिंतीवरून पाणी कुठून उतरलं ते चित्रच सांगतं, आणि गवंड्याला नेमकं कुठलं कौल बघायचं ते दाखवता येतं.

पांढरट डागांचं कोडं मला इथे बसून सुटणार नाही, पण तुम्ही निम्मं सोडवू शकता. सोनाराकडे असतं तसलं दहापट भिंग कोणाकडून तरी मागून आणा. डाग सपाट, निळसर, काचेवर श्वास सोडल्यासारखा दिसत असेल तर बहुधा व्हार्निश ओलीने धुरकटलं आहे. गोल ठिपके, भिंगाखाली कापसासारखे तंतू आणि जवळ गेल्यावर कुबट वास असेल तर बुरशी. साखरेसारखे कण, खरखरीत, आणि तेही जिथे कॅनव्हास भिंतीला टेकतो तिथेच असतील तर भिंतीतले क्षार. तिन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि तिन्हींवर ओलं फडकं हा उपाय नाही. बुरशी आहे असं वाटलं तर मास्क लावा, चित्र पुसू नका, बाकीची दोन चित्रं त्याच्यापासून लांब न्या आणि उलट्या बाजूची खिडकी दिवसा उघडी ठेवा. नाहीतर ओलं फडकं फिरवून कोणीतरी बुरशीची पेरणी करून ठेवतो.

आता पाठ. कोटेशन द्यायला येणाऱ्याने चित्राची पाठ न बघता आकडा सांगितला तर त्याला चहा पाजा आणि रवाना करा. माणूस समोरून रंगतो, चित्र मागून बोलतं. पण पाठ बघायची म्हणून चित्र खाली उतरवू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. नवा होतो, एका चर्चमध्ये लोक भोवती जमलेले, सगळ्यांना बघायचं होतं, आणि मी दोन माणसांना हाताशी धरून मोठा कॅनव्हास भिंतीवरून उचलला. खालची लाकडी पट्टी वाळवीने पोखरून नुसतं कवच उरलं होतं. पट्टी हातात राहिली, कापड सैल झालं, आणि पायघोळ झग्याच्या घडीतला वीतभर रंग माझ्या बुटांवर पडला. तो जोडायला पुढे तीन महिने गेले, आणि त्या चित्रात ती जागा कुठे आहे हे मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. तेव्हा तुम्ही मोबाईल सेल्फी स्टिकला लावा, व्हिडिओ चालू करा, आणि चौकट आणि भिंतीमधल्या फटीतून हळू आत सरकवा. फट नसेल, चौकट भिंतीला घट्ट बसलेली असेल, तर तीही माहितीच आहे. ओलीचं एक कारण तिथेच आहे.

व्हिडिओत काय शोधायचं? चौकटीच्या चार कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत का, की कोपरे खिळ्यांनी पक्के केलेत. पाचरी असतील तर कापड सैल झालेलं ताणता येतं. कापडाला मागून ठिगळं लावलीत का, कोणी डांबर किंवा तेलरंग फासलाय का. कापडावर किंवा लाकडावर शिक्का, लेबल, पेन्सिलीने लिहिलेलं काही आहे का. आणि खिळे. 'पोर्तुगीज काळातलं' हे मी वसईकडच्या प्रत्येक सॅक्रिस्तीत ऐकलंय, आणि बऱ्याच वेळा ते चित्र १७३९नंतर, म्हणजे मराठ्यांनी वसई घेतल्यावर, शंभर-दीडशे वर्षांनी काढलेलं निघतं. चित्रकलेच्या दुकानाचा छापील शिक्का, यंत्रावर कापलेल्या लाकडावरचे एकसारखे दात, तारेचे गोल खिळे, ही सगळी नंतरच्या काळाची चिन्हं. शिवाय मूळ रंगात टिटॅनियमचा पांढरा सापडला तर चित्र १९२०च्या आसपासचं किंवा त्याहून अलीकडचं, कारण तो रंग त्याआधी बाजारातच नव्हता. हे अर्थात प्रयोगशाळा सांगेल, आणि बघा, त्यासाठी तुमच्या पाकिटातला चुरा पुरेल. चित्र पोर्तुगीज काळातलं नाही निघालं तर जुन्या माणसांना वाईट वाटेल. त्यांना सांगा की ज्या चित्रासमोर चार पिढ्यांनी बोटं भाजेपर्यंत मेणबत्त्या लावल्या त्याला सनावळीची गरज नसते.

त्या मेणबत्त्यांचाही हिशेब आहे बरं का. चित्र काळवंडलंय म्हणजे रंग काळा पडला असं नाही. वर काजळी असते, तिच्याखाली पिवळं झालेलं व्हार्निश, त्याखाली कधी कोणी 'चकाकी' यावी म्हणून चोळलेलं खोबरेल किंवा जवसाचं तेल, आणि मग रंग. हे थर वेगळे काढता येतात की नाही हे संवर्धक चित्राच्या कडेला, चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, अर्ध्या इंचाच्या चौकोनात तपासून बघतो. तुम्ही बघू नका. बटाटा, पाव, साबण, थुंकी, आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं व्हिनेगर, यातलं काहीही नको. नोटा तपासायचा जांभळा दिवा बँकेत कोणाकडे असेल तर मात्र अंधारात एकदा चित्रावर टाकून बघा, डोळ्यांत जाऊ न देता. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, आणि त्यावर नंतर कोणी ब्रश मारला असेल तर ते ठिपके काळपट दिसतात. येशूचा चेहरा किंवा छातीची जखम काळपट दिसली तर तिथे आधीच कोणी तरी हात फिरवून गेलंय.

आणि हे फार वेळा निघतं. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या कॅथेड्रलमध्ये व्हॅन आयक बंधूंचं १४३२ सालचं वेदीचित्र आहे. मधोमध यज्ञाचं कोकरू. १९५०-५१मध्ये ते साफ करताना डोक्याभोवतीचा वरचा रंग थोडा काढला, आणि खालून मूळ कान बाहेर आले. वरून रंगवलेले कान तसेच राहिले. पुढची साठ-सत्तर वर्षं ते कोकरू चार कानांनी उभं होतं! २०१२ साली नव्याने काम सुरू झालं तेव्हा कळलं की सोळाव्या शतकात चित्राचा बराच मोठा भाग कोणी तरी पुन्हा रंगवून ठेवलाय. आधी इतकी पाहणी होऊनही हे व्हार्निश उतरवल्यावर समजलं. हे सांगतो ते घाबरवायला नाही. कोटेशनमध्ये 'काम सुरू झाल्यावर नवं काही आढळल्यास थांबून पुन्हा चर्चा' अशी ओळ असू द्या, एवढ्यासाठी. जो ती ओळ घालायला तयार नाही त्याने एक तर फार चित्रं बघितलेली नाहीत, किंवा त्याला थांबायचंच नाही.

कोलकात्याच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये योहान झोफनी या चित्रकाराने १७८७ साली काढलेलं 'शेवटचं भोजन' आहे. त्यातल्या काही प्रेषितांना त्याने तेव्हाच्या कलकत्त्यातल्या ओळखीच्या माणसांचे चेहरे दिले. जुडासचा चेहरा म्हणे एका लिलाव करणाऱ्याचा. २०१०मध्ये इन्टॅक या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने गटे इन्स्टिट्यूटच्या साथीने ते नीट केलं. मधल्या काळात एखाद्या भाविक पेंटरने 'हा प्रेषित पवित्र दिसत नाही' म्हणून नाकडोळे सुधारले असते तर? तुमच्या संत अंतोनाचंही कदाचित असंच असेल. तो बाजारातल्या मूर्तीसारखा देखणा नसेल, नाक वसईच्याच एखाद्या वाडवळाचं असेल. ते आधी बघा, मग गोरंगोमटं करायचं का ते ठरवा.

अंतोनाचं आणि मारियामातेचं थोडक्यात. फळीखाली काळा कागद ठेवा, आत्ताचा भुसा एका पाकिटात भरून कागद साफ करा, आणि आठवडाभराने बघा. नवा भुसा पडला तर कीड जिवंत आहे असं धरा. फळी स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये सैल गुंडाळून बाकीच्या लाकडी सामानापासून दूर ठेवा आणि संवर्धकाला लगेच बोलवा. नवा भुसा नसेल तर किडीची भोकं बहुधा जुनी, धावपळ नको. भोकांत रॉकेल किंवा वाळवीचं औषध सुईने सोडू नका. ते लाकडातून रंगाच्या खालच्या बाजूला येतं आणि डाग कायमचा राहतो. फळीच्या खालच्या कडेला रंग गुळगुळीत झिजलेला असेल, लोक नमस्काराला हात लावतात तिथे. तो झिजलेला भाग नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा, त्याला नुकसान म्हणू नका.

मारियामातेची फ्रेम अजिबात उघडू नका. कागद काचेला चिकटलाय म्हणजे रंग काचेला चिकटलाय, आणि ओढलं की चेहरा काचेवर राहील. फ्रेम आडवी, काच खाली, असं ठेवा. लुगडं नेसलेली मारिया म्हटल्यावर मला आँजेलो द फोन्सेकाची आठवण झाली. गोव्याचा हा चित्रकार (१९०२ ते १९६७) पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि मारियेला साडी नेसवल्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली. तुमचं चित्र त्याचं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या काळी अशी चित्रं जलरंगात काढायची पद्धत होती, आणि जलरंगाला पाण्याचा बोळा लागला तर रडलेल्या डोळ्यांतल्या काजळासारखं होतं. तिन्ही चित्रांत सर्वात आधी तज्ज्ञाकडे जायला हवं ते हेच, आकाराने लहान असलं तरी. कागद वाट बघत नाही.

आता परवानगी, कारण ती तुमच्या पदरात एक आयती ढाल टाकते. कॅथोलिक चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेतलं ११८९ क्रमांकाचं कलम सांगतं की पुरातन, कलादृष्ट्या मोलाची किंवा लोकांच्या विशेष भक्तीची अशी चित्रंमूर्ती दुरुस्त करायची असेल तर धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते, आणि त्यांनी ती देण्याआधी तज्ज्ञांचं मत घ्यायचं असतं. तिन्ही कसोट्या एकत्र लागत नाहीत, एक पुरते. म्हणजे 'पोर्तुगीज काळातलं नाही' हे सिद्ध झालं तरी लोकांची भक्ती आहे ना, मग कलम लागू. बिशप हाउसला पत्र लिहा, सोबत फोटो आणि त्या मुलाचा रंगीत नकाशा जोडा. गावात कोणी म्हणालं की कौन्सिल उगाच लांबवतंय, तर हे कलम पुढे करा. फादरना ते ठाऊक असेलच, म्हणूनच बहुधा त्यांनी जाणकाराला विचारायला सांगितलं.

जाणकार कुठे? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र तुम्हाला सगळ्यात जवळचं. इन्टॅकच्या संवर्धन प्रयोगशाळा आहेत. लखनौला १९७६पासून केंद्र सरकारची संवर्धन संशोधनशाळा आहे. कोणाकडेही जा, पण दोन वेगळी कोटेशनं मागा: एक फक्त पाहणी आणि लेखी अहवालाचं, दुसरं कामाचं, आणि दुसरं अहवाल हातात आल्यावरच. अहवालाची मालकी पॅरिशची. त्यात चित्र कशावर आहे, थर किती, नुकसान कुठे आणि का, आधीची दुरुस्ती कुठली, आत्ता तातडीचं काय आणि काय थांबू शकतं, हे सगळं मराठीत किंवा कौन्सिलला कळेल अशा भाषेत असावं. 'संपूर्ण रिस्टोरेशन' असा एकच शब्द लिहून खाली रक्कम, असला कागद अहवाल नव्हे.

चेहऱ्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण म्हाताऱ्या बाया विचारणारच. संग्रहालयात गेलेला रंग गेलेलाच ठेवतात किंवा बारीक उभ्या रेषांनी भरतात, लांबून अख्खं दिसावं आणि जवळून कळावं म्हणून. देवळात मला हा कडकपणा पटत नाही. लोक तिथे प्रार्थना करतात, आणि डोळ्याच्या जागी पांढरा खड्डा असेल तर त्यांचं मन तिथेच अडकतं. चेहरा भरावा, पण फक्त गेलेल्या जागेपुरता, जुन्या रंगावर एक केसही न चढवता, आणि पुढे काढता येईल अशा रंगाने. यावर माझे काही सहकारी माझ्याशी भांडतील. भांडू देत. पण ही चर्चा नकाशा समोर ठेवून करायची असते, कारण कदाचित चेहरा शाबूतच असेल आणि सगळं नुकसान पायाशी असेल. तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय.

कुवेतच्या भावाला माझ्या वतीने सांगा की आईच्या नावाने कौलं बसवणं आणि पाहणी करून घेणं यावर खर्च करा. संगमरवरी पाटी लावायला या दोन्ही गोष्टी सोयीच्या नाहीत हे मला कळतं. सणाच्या दिवशी मोठ्या चित्रासमोर त्या मुलाने काढलेला रंगीत नकाशा फ्रेम करून लावा, खाली चार ओळींत काय चाललंय ते लिहा, आणि त्यातच त्यांच्या आईचं नाव घाला. लोक थांबून बघतील, प्रश्न विचारतील, आणि अर्ध्या गावाला आपापल्या घरच्या जुन्या फोटोंत हे चित्र मागे दिसतं हे आठवेल. लग्नाचे, पहिल्या कम्युनियनचे ते फोटो मागून घ्या. पन्नास वर्षांपूर्वी खालच्या कोपऱ्यात काय होतं हे तेच दाखवतील.

मला फोटो पाठवाल तेव्हा पाठीचा व्हिडिओ आधी पाठवा, समोरचे मागाहून.